११८५ की ११९२? एका मोजणीदाराचे जपानमधले सहा दिवस

भांडण तोक्योत लेकीच्या घरी, जेवणाच्या टेबलावर सुरू झालं. नात जपानी शाळेत सहावीत. कामाकुराचा धडा तिचा यंदाच शिकून झालाय. सन लक्षात ठेवायची युक्ती तिनं मला शिकवली: 'इइ हाको त्सुकुरो', म्हणजे 'चांगला डबा बनवू या'. एकाचा उच्चार 'इ', आठाचा 'हा', पाचाचा 'को'. झाले ११८५. त्या साली जपानात कामाकुरातून योद्ध्यांचं राज्य सुरू झालं. लेक म्हणाली, "चूक. आमच्या ऑफिसातले सगळे 'इइ कुनि' म्हणतात, चांगला देश. ११९२."

दोघीही बरोबर होत्या. ११९२ साली त्या राज्याचा संस्थापक मिनामोतो नो योरितोमो याला सम्राटाकडून शोगुन, म्हणजे सरसेनापती, हा किताब मिळाला. ११८५ साली त्याला गावोगाव आपले जमीन-अधिकारी नेमायची मुभा मिळाली. जुन्या पिढीनं किताब धरला, नवी पुस्तकं जमिनीकडे झुकली. मी साताऱ्याचा, ३४ वर्षं भूमी अभिलेख खात्यात मोजणीला होतो. माझा कौल कुणीकडे जाणार हे उघड होतं, पण जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय पंचनामा करायचा नाही ही सवय. लेकीनं सहा दिवस रजा काढली.

दिवस पहिला : क्योतो

फेब्रुवारीतली क्योतोची थंडी गुडघ्यातून आत शिरते. सगळं जग सोनेरी मंदिराकडे निघालं होतं आणि आम्ही रोकुहाराच्या गल्ल्यांत. सायकली टेकवलेली घरं, वाळत घातलेले कपडे, मधूनच एखादं देऊळ. ८५० वर्षांपूर्वी क्योतो राजधानी होती आणि इथं तायरा या योद्ध्यांच्या घराण्याचे वाडे होते. त्याची आता वीटसुद्धा नाही.

रोकुहारामित्सुजी या देवळात त्या घराण्याचा प्रमुख तायरा नो कियोमोरी याची लाकडी मूर्ती आहे, तिच्यासाठीच आलो होतो. मला वाटलं होतं चिलखत, तलवार, फुरफुरलेल्या नाकपुड्या. निघाला एक मुंडण केलेला, थकलेला गृहस्थ. मांडी घालून बसलाय, हातात बौद्ध सूत्रग्रंथाची गुंडाळी धरून. ओठ जरा उघडे. पेन्शनच्या कागदातली बारीक अक्षरं वाचताना माणूस दिसतो तसा. मी बराच वेळ उभा राहिलो. शेजारच्या कूया भिक्षूच्या मूर्तीसमोर, ज्याच्या तोंडातून सहा इवले बुद्ध बाहेर पडतात, गर्दी होती. कियोमोरीपाशी मी एकटा.

या माणसाच्या हाती देश आला कसा? दरबारानं स्वतःच रस्ता करून दिला. ७९२ साली सम्राटानं बहुतेक प्रांतांतली सक्तीची सैन्यभरती बंद केली. पुढे सरदार आणि देवळं यांच्या करमाफीच्या जमिनी वाढत गेल्या. त्यांना 'शोएन' म्हणतात, आपल्याकडच्या इनामांसारख्याच. मालक क्योतोत बसून कविता करणार, जमीन शेकडो कोस दूर. मग तिथं राखण कोण करणार, वसुली कोण करणार, शेजारच्या गावानं बांध कोरला तर काठी कोण काढणार? घोडा आणि धनुष्य बाळगणारा तिथलाच कुणीतरी. 'सामुराई' या शब्दाचं मूळ 'सेवेला हजर राहणं' या क्रियापदात आहे. थोडक्यात हुजऱ्या.

११५६ मध्ये राजघराण्यात गादीवरून तंटा झाला आणि दोन्ही बाजूंनी या हुजऱ्यांना राजधानीत बोलावलं. एका रात्रीत निकाल लागला. त्यानंतर घडलं ते भयंकर. साडेतीनशे वर्षांत दरबारानं देहदंड दिला नव्हता, तो पुन्हा सुरू झाला. कियोमोरीला सख्खा चुलता मारावा लागला. मिनामोतो घराण्याच्या योशितोमोवर तर बापालाच मारायची पाळी आली. तीन-चार वर्षांत हे दोघे जेते एकमेकांवर उठले, योशितोमो संपला. त्याचा तेराएक वर्षांचा मुलगा योरितोमो हाती लागला होता. कियोमोरीच्या सावत्र आईनं रदबदली केली म्हणून त्याला मारलं नाही, लांब इझूला हद्दपार केलं.

११६७ मध्ये कियोमोरी दरबाराचा सर्वोच्च मंत्री झाला. मुलगी सम्राटाला दिली, नातू सम्राट झाला. म्हणजे फुजिवारा घराणं दोनशे वर्षं जे करत आलं, तेच यानं केलं. मला या माणसाचं हेच वाईट वाटतं. सगळा वाडा हातात आल्यावर त्याला एकच सुचलं, आपण वाड्यातल्यासारखं व्हावं.

सान्जूसान्गेन्दो जवळच होतं. करुणेची देवता कान्नोन हिच्या १००१ मूर्ती, १२० मीटरची ओवरी. मूळ ११६४ मध्ये कियोमोरीनंच निवृत्त सम्राट गो-शिराकावासाठी बांधली, आजची इमारत १२६६ ची. पाय गोठले होते. अनवाणी नव्हे, पण मोज्यांवर त्या लाकडी फरशीवरून चालून पाहा.

दिवस दुसरा : उजी

लोकलनं अर्ध्या तासाच्या आत उजी. ब्योदोइनचा फिनिक्स मंडप १० येनच्या नाण्यावर आहे, तो नाण्याशी ताडून पाहायचा विधी आम्हीही केला. १०५३ चं बांधकाम, फुजिवारांच्या वैभवाचं. त्या तळ्यापेक्षा मला बाजूचा पंख्याच्या आकाराचा हिरवळीचा तुकडा पाहायचा होता. ११८० मध्ये तायरांविरुद्ध पहिलं बंड फसलं, पुलाच्या फळ्या काढूनही शत्रू नदी उतरून आला, आणि सत्तरी ओलांडलेल्या मिनामोतो नो योरिमासानं इथं पंखा पसरून पोट चिरलं, अशी आख्यायिका आहे. त्या आधी कविता रचली म्हणतात. हिरवळीला कठडा आहे. पर्यटक त्याला पाठ लावून मंडपाचे फोटो काढतात.

बाहेर चहाच्या दुकानात तांदळाची कुरकुरीत बिस्किटं घेतली. पहिल्याच घासाला कवळी हलली. लेक म्हणाली, "बाबा, चहात बुडवून खा." जपानी हिरव्या चहात बुडवलेलं बिस्किट, लोक बघत होते. संध्याकाळी शिन्कान्सेननं पश्चिमेला.

दिवस तिसरा : शिमोनोसेकी

होन्शू बेट जिथं संपतं तिथं समुद्राची एक चिंचोळी पट्टी आहे. पलीकडे क्यूशू. सर्वांत अरुंद जागी ७०० मीटरसुद्धा नाही, आपल्या कोयनेच्या धरणाची भिंत याहून लांब. या पट्टीत दान-नो-उरा. वरून कान्मोन पूल जातो, खालून तेलाची जहाजं, आणि पाणी मात्र नदीसारखं वाहतं. मी समुद्राला असं एका दिशेनं धावताना पाहिलं नव्हतं.

किनाऱ्याला एक मोठी विजेची पाटी आहे. तिच्यावर आळीपाळीनं तीन गोष्टी दिसतात: प्रवाह पूर्वेला की पश्चिमेला हे सांगणारं अक्षर, वेगाचा आकडा, आणि तो वाढतोय की उतरतोय याचा बाण. जहाजांसाठी आहे ती. आम्ही पोचलो तेव्हा आकडा ४ होता. बाकावर बसून कॉफी पिईपर्यंत ५ झाला. दिवसातून चारदा हे पाणी दिशा बदलतं.

एप्रिल ११८५ मध्ये इथंच तायरा संपले. समुद्र त्यांच्या ओळखीचा, मिनामोतोंचे लोक घोड्यावरचे. कामाकुराकडच्या बखरीत मिनामोतोंच्या ८४० होड्या आणि तायरांच्या ५०० सांगितल्यात. प्रवाह फिरला म्हणून पारडं फिरलं असं सांगतात, तायरांचा एक सरदार ऐन वेळी फुटला असंही सांगतात. दुसरं मला जास्त पटतं. सहा वर्षांचा सम्राट आन्तोकू होडीत होता. आजीनं, म्हणजे कियोमोरीच्या विधवेनं, त्याला कवेत घेतलं. 'लाटांखालीही एक राजधानी आहे' असं त्याला समजावून तिनं पाण्यात उडी घेतली. राजचिन्हांतली तलवार गेली ती गेलीच.

आकामा देवस्थान त्याच मुलाचं. दरवाजा समुद्रतळच्या राजवाड्यासारखा बांधलाय, लाल आणि पांढरा. मागच्या अंगाला दाट झाडीत तायरांची थडगी आहेत, गुडघ्याएवढे दगड ओळीनं उभे केलेले, शेवाळलेले. कुणीतरी एका दगडापुढे नाणं ठेवलं होतं. मी १० येन ठेवले, कालच्या मंडपाचे.

दुपारी समुद्राखालून चालत क्यूशूला जाऊन आलो. ७८० मीटरचा पादचारी बोगदा आहे, १९५८ पासूनचा. मधोमध जमिनीवर जिल्ह्यांची हद्द रंगवलीय. हद्द दिसली की माझी पावलं थांबतात. एक पाय इकडे, एक तिकडे. लेकीनं न सांगता फोटो काढला.

बागेत विजेता योशित्सुनेचा पुतळा आहे, होड्यांवरून उडी घेतानाचा. हा योरितोमोचा धाकटा सावत्र भाऊ. शेवटच्या मोठ्या लढाया यानं मारल्या. थोरला भाऊ मात्र ११८० नंतर या युद्धात एकाही मोठ्या लढाईला आला नाही, कामाकुरात बसून राहिला. काय करत होता बसून? ते दुसऱ्या दिवशी गाडीत कळलं.

दिवस चौथा : गाडी

कोकुराहून शिन-योकोहामा, चार-साडेचार तास. डबा खाल्ला, झोपलो. लेकीनं कोपरानं ढोसून उठवलं, "बाबा, फुजी." डावीकडे अख्खा डोंगर, ढगाचा ठिपका नाही. आणि खाली एक रुंद, गोट्यांनी भरलेलं नदीपात्र सर्रकन गेलं. मी डोंगर सोडून नदी बघायला मान वळवली, तोवर संपलीसुद्धा.

ती फुजी नदी. नोव्हेंबर ११८० मध्ये तिच्या अल्याड-पल्याड दोन्ही सैन्यं उभी होती. रात्री पाणपक्ष्यांचा थवा उठला आणि तायरांचं सैन्य हल्ला झाला समजून पळालं. योरितोमोला आता राजधानीपर्यंत मागे लागायचं होतं. पूर्वेकडच्या सरदारांनी लगाम धरला: आधी आपलं घर सावरा. तो ऐकून मागे फिरला. आणि तिसऱ्या दिवशी सागामी प्रांताच्या कचेरीत बसून त्यानं काय केलं, तर आपल्या माणसांच्या जमिनी त्यांच्याकडे कायम केल्या, शत्रूंच्या काढून वाटल्या.

इथं मी लेकीला गाडीतच व्याख्यान दिलं. या वेळी योरितोमो कोण होता? दरबाराच्या लेखी बंडखोर, वीस वर्षं हद्दपारीत काढलेला कैदी. ज्या सरदारावर त्याच्यावर नजर ठेवायचं काम होतं, त्या होजो तोकिमासाच्या मुलीशी, मासाकोशी, त्यानं लग्न केलेलं. त्याला जमीन देण्याचा कसलाही अधिकार नव्हता. समज, एखादा फरारी आसामी आमच्या कचेरीच्या पायरीवर बसून फेरफार मंजूर करायला लागला. गंमत ती नाही. गंमत अशी, की लोकांनी रांग लावली.

"का लावली?" लेक.

कारण क्योतोतला मालक दर पिढीला राखणदार बदलू शकायचा, खोटं कूळ दाखवू शकायचा. या माणसाच्या कागदामागे शेजारच्या दहा सरदारांचे घोडे होते. जपानीत जीव तोडून काम करण्याला 'इश्शोकेन्मेइ' म्हणतात, नात रोज म्हणते. मूळ शब्दाचा अर्थ 'एका जागेसाठी जीव पणाला'. ती जागा म्हणजे आपली जमीन.

दिवस पाचवा : कामाकुरा

नात शनिवार म्हणून येऊन मिळाली. योकोसुका लाइननं उतरलो आणि पहिल्या नजरेतच जागा कळली. तिन्ही बाजूंना डोंगर, चौथीला समुद्र. आत यायला डोंगर चिरून काढलेल्या खिंडी. अजिंक्यताऱ्याखाली वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

स्टेशनपासून वाकामिया-ओजी हा सरळ रस्ता त्सुरुगाओका हाचिमान देवळाकडे जातो. मधोमध उंचवट्यावर पायवाट आहे. ११८२ मध्ये मासाकोला दिवस गेले तेव्हा बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून योरितोमोनं हा रस्ता करवला. स्वतःही माती वाहिली म्हणतात. पायवाट देवळाकडे जाताना अरुंद होत जाते. मी पावलं टाकून मोजली. नातीनं इतर मुलांसमोर लाज वाटते म्हणून चार हात अंतर ठेवलं.

देवळापुढे दोन तळी. मिनामोतोंच्या तळ्यात तीन बेटं, तायरांच्या तळ्यात चार. तीनचा उच्चार जन्मासारखा, चारचा मृत्यूसारखा. शत्रूला तळ्यातही मारून ठेवलाय. जिन्याशेजारी एक जुना गिंको वृक्ष होता, तो मार्च २०१० मध्ये वादळात कोसळला. बुंध्यातून फुटलेले धुमारे आता माणसापेक्षा उंच आहेत. १२१९ साली बर्फातल्या रात्री याच जिन्यावर योरितोमोचा मुलगा, तिसरा शोगुन सानेतोमो, पुतण्याच्या हातून मारला गेला. योरितोमोच्या वंशातले शोगुन तिथं संपले. राज्य संपलं नाही, ते सासुरवाडीकडे, होजोंकडे गेलं.

मग ज्यासाठी आलो होतो तिकडे. देवळाच्या पूर्वेला दहा मिनिटांवर साधी वस्ती, एक प्राथमिक शाळा, आणि कोपऱ्यावर एक काळसर शिळा: ओकुरा बाकुफूची जागा. बस्स. देशातलं पहिलं लष्करी सरकार इथं होतं. त्या काळी त्याला बाकुफू म्हणतही नसत, 'कामाकुरा-दोनो' म्हणत, म्हणजे कामाकुराचे साहेब. तीन कचेऱ्या. ११८० मध्ये योद्ध्यांची नोंद आणि शिस्त पाहणारी. ११८४ मध्ये दप्तर सांभाळणारी, आणि त्याच साली तंटे ऐकणारी. दप्तर आणि तंटे यांसाठी योरितोमोनं क्योतोहून कारकुनी पेशाचे लोक आणवले. भाऊ पश्चिमेला लढत असताना हा इथं हे करत होता.

११८५ च्या शेवटी भावाभावांचं फाटलं. 'फरारी योशित्सुनेला पकडायचंय' हे निमित्त पुढे करून सासरा तोकिमासा सैन्य घेऊन क्योतोत गेला आणि प्रांतांत 'शुगो', म्हणजे लष्करी अधिकारी, आणि जमिनींवर 'जितो' नेमायची परवानगी घेऊन आला. दान-नो-उराचा विजेता आठ महिन्यांत अर्जातलं कारण झाला. जितो म्हणजे वसुली करणारा, आपला वाटा ठेवणारा, गावचं फौजदारीचं काम पाहणारा वतनदार. मालक क्योतोतलाच राहिला, पण जितोला काढायची ताकद फक्त कामाकुराकडे. या एका कलमात सगळं आलं. १२२१ मध्ये निवृत्त सम्राट गो-तोबानं कामाकुराविरुद्ध फर्मान काढलं, तेव्हा विधवा मासाकोनं सरदारांना हेच ऐकवलं, की योरितोमोचे उपकार डोंगराहून उंच नि समुद्राहून खोल आहेत. उपकार म्हणजे जमिनीच. पहिल्या दिवशी १८ घोडेस्वार निघाले, वाटेत सैन्य फुगत गेलं, महिन्याभरात क्योतो पडलं. गो-तोबा ओकी बेटावर हद्दपार. तीन हजारांवर जमिनी जप्त झाल्या. तिथं नव्यानं नेमलेल्या जितोंचा दर १२२३ मध्ये ठरला: ११ चो जमिनीमागे १ चो स्वतःला, शिवाय दर तान ५ शो धान्य. चो म्हणजे साधारण हेक्टर, तान त्याचा दहावा भाग, शो हे धान्याचं माप. सम्राटाशी लढाई झाल्यावर दोन वर्षांत दरपत्रक. मला हे लोक आवडायला लागले.

आवडणं फार टिकलं नाही. १२७५ ची एका गावच्या शेतकऱ्यांची तक्रार आहे, मोडक्यातोडक्या अक्षरांत लिहिलेली: लाकूड वेळेवर दिलं नाही तर जितो बायकांचे कान कापीन, नाक कापीन म्हणतो. मालक आणि जितो यांच्या कज्ज्यांना वैतागून पुढे जमिनीच मधोमध वाटायची पद्धत पडली. १२५८ चा असा एक नकाशा मी पुस्तकात पाहिलाय. डोंगर, तळं, घोडे, आणि सगळ्यावरून ओढलेली वाटणीची रेघ. डोळे भरून आले म्हटलं तर लोक हसतील, पण ३४ वर्षं मी तीच रेघ ओढली.

१२३२ मध्ये होजो यासुतोकीनं ५१ कलमांचा कायदा केला. त्यातलं आठवं कलम: २० वर्षं प्रत्यक्ष वहिवाट असेल तर ती मोडायची नाही. आपल्या मुदतीच्या कायद्यात १२ वर्षं आहेत. पन्नासेक पायऱ्या चढून योरितोमोच्या समाधीपाशी बसलो तेव्हा मी हे नातीला सांगत होतो. माणसाच्या उंचीचा दगडी मनोरा, समोर उदबत्तीचं भांडं, खालून शाळेच्या मैदानावरचा आरडाओरडा. ती म्हणाली, "मग शोगुन का व्हायचं होतं त्याला? सगळं तर होतंच."

बरा प्रश्न. निवृत्त सम्राट गो-शिराकावा मेला आणि चार महिन्यांत किताब आला. सातारच्या छत्रपतींची वस्त्रं आल्याशिवाय पुण्यात पेशवा पेशवा होत नसे, हे तिला सांगितलं. पण तुलना तिथंच सोडली. पेशवा छत्रपतींचा प्रधानच होता, हा हद्दपार कैदी. साम्य इतकंच, की गादी कुणी मोडली नाही. जपानात तर आजतागायत नाही. परतताना एगारा तेन्जिनपाशी प्लमला बहर आला होता.

दिवस सहावा : घार, आणि एक रिकामं रान

किनाऱ्यावर चित्रांसहित पाट्या आहेत: घारींपासून खाणं सांभाळा. मी वाचल्या. तरी गरम क्रोकेट हातात घेऊन लाटांकडे बघत उभा राहिलो. कानावर पंखाची फडक बसली आणि हातात नुसता कागद उरला. नात वाळूत लोळून हसली.

महाबुद्ध पाहिला. १२५२ मध्ये सुरू केलेला, कांस्याचा, ११ मीटरहून उंच, आतून पोकळ. आत शिरता येतं. आत अंधार आणि ओतकामाचे जोड, छान.

शेवटी तोशोजीची जागा. वाटेत नामेरी ओढ्यावर एक पूल लागतो. एका अधिकाऱ्याची १० नाणी पाण्यात पडली, ती शोधायला त्यानं ५० नाण्यांच्या मशाली घेतल्या, अशी गोष्ट इथं सांगतात: पैसा वाया जाऊ नये, मशालवाल्याला तरी मिळावा. आमच्याकडे असतं तर ऑडिटवाल्यांनी ४० नाणी पगारातून कापली असती.

पुलापलीकडे कुंपण घातलेलं, गवत वाढलेलं रिकामं रान. १३३३ मध्ये कामाकुरा पडलं तेव्हा होजोंच्या शेवटच्या माणसांनी इथल्या देवळात आग लावून पोटं चिरली, आठशेच्या वर. मंगोलांशी दोनदा लढाया झाल्या, १२७४ आणि १२८१ ला, पण जिंकून जमीन मिळाली नाही. वाटायला काहीच आलं नाही, मग लोकांनी दुसरा वाटणारा पाहिला. वरच्या झाडीत त्यांच्या नावाची गुहा आहे. आम्ही कुंपणापाशीच थांबलो.

तिथं पायाशी सिमेंटचा चौकोनी खुंट होता, डोक्यावर फुलीची खूण कोरलेला. हद्दीचा दगड. मी खाली बसून माती झाडली. फुली अगदी चोख होती.

"आजोबा, मग ठरलं का? डबा की देश?"

"दोन्ही नाही. ११८०. अधिकार नसताना त्यानं पहिला कागद दिला आणि लोकांनी घेतला, ते साल."

तिनं बोटांवर आकडे लावले. "इ, इ, हा… इइ हा म्हणजे चांगले दात! आमच्या शाळेत ८ नोव्हेंबरला दातांचा दिवस असतो. ११-८. पण तुमचं पुढे शून्य येतं."

"मग?"

"चांगले दात, शून्य." माझ्या तोंडाकडे बघत ती म्हणाली. "हे मात्र माझ्या लक्षात राहील."